नकाशाचं दुपटं

छत गळकं असणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण त्या तहसील कचेरीचा अर्धा कारभार एका गळक्या छतावरच तरून गेला होता, हे खरं. कचेरी जुन्या इमारतीत होती तेव्हा एका पावसाळ्यात रेकॉर्ड रूमचं छत गळलं आणि कोपऱ्यातले कागदांचे चार-दोन बस्ते भिजले. भिजले ते तेवढेच. पण त्या दिवसापासून जो कागद सापडेना तो नेमका त्या छताखाली होता, असं लिहून द्यायची कचेरीत रीतच पडून गेली. उंदरांनी खाल्लेला कागद, रद्दीत गेलेला कागद, कुणी बगलेत मारून नेलेला कागद, इतकंच काय, मुळात कधी लिहिलाच गेला नव्हता तोसुद्धा, सगळे त्या एका पावसात भिजले. छताला बोलता येत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्यानं कचेरीवर फिर्याद केली असती.

ही रीत सगळ्यात सफाईनं पाळायचे ते बन्सीधरराव. तिथले अव्वल कारकून. जागा भरल्या जात नाहीत म्हणून तीन टेबलं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात पडलेली. रेकॉर्ड रूमची किल्ली त्यांच्याकडे, नकला देणं त्यांच्याकडे, आणि तहसीलदार मॅडमपुढं सुनावणी असली की जबाब लिहून घेणंही त्यांच्याकडेच. माणूस वाईट नव्हता हो. अक्षर देखणं, आल्यागेल्याला चहा, शिपायाला अहो-जाहो. निवृत्ती तोंडावर आली होती आणि कचेरीतल्या पोरांनी निरोपाच्या शालीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

त्या दिवशी बन्सीधरराव जरा घाईत होते. लेक मैत्रेयी बाळंतपणाला माहेरी आली होती, नातू झाला होता आणि रविवारी बारसं होतं. पाळण्याला फुलांच्या माळा सांगायच्या होत्या, पेढे सांगायचे होते. नेमकी त्याच वेळी मनकर्णा टेबलापुढं येऊन उभी राहिली.

मनकर्णा उंबरवाडीच्या शिवारातल्या शेळकेवस्तीवरची. वस्तीवर सात-आठ घरं, आणि गावाकडं यायला एकच वाट. ती वाट भगवानराव नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या रानाच्या कडेनं यायची. दोन वर्षांमागं भगवानरावांनी वाटेवर आडवी तार ओढली आणि नांगर घालून ऊस लावला. वर म्हणायला लागले की इथं वाट कधी नव्हतीच. मनकर्णानं रस्त्याची केस केली. छापील नव्या नकाशात वाट दिसत नव्हती, म्हणून मॅडमनी सांगितलं होतं की जुना नकाशा असेल तर रेकॉर्ड रूममधून काढा. आणि बन्सीधररावांनी सकाळीच टिपण लिहून ठेवलं होतं: ‘सदर गावाचा जुना नकाशा अतिवृष्टीत भिजून नष्ट झाल्याने उपलब्ध नाही.’

ते वाचून दाखवल्यावर मनकर्णा म्हणाली, “बाबा, नीट बघितलं का पर?”

“मावशी, मी स्वतः बघितलंय,” बन्सीधरराव म्हणाले.

कसलं बघितलंय! रेकॉर्ड रूमचं कुलूपसुद्धा त्यांनी त्या दिवशी काढलं नव्हतं. किल्ली खणात पडून होती.

“माझे सासरे सांगायचे, जुन्या नकाशात वाट हाय. उर्दूत लिवलेली हाय, आपल्याला वाचता येत न्हाई, पर वाट हाय.”

“त्या साली छत गळलं ना, मावशी. लई कागद गेले.”

“छताखाली आमचीच वाट बरी घावली,” मनकर्णा म्हणाली. आवाज चढवून नाही, आपली साधीच. मग तिनं पदराचं टोक हातात घेतलं. “बाबा, गेल्या साली माझ्या सुनंला, निकिताला, कळा सुटल्या. गाडी तारंपाशी येऊन थांबली. बाजंवर घालून वढ्यातून नेलं तिला आमी, चिखलातून. दवाखाना गाठला तवर लेकरू गेलं व्हतं. आता पुन्हा दिवस हायेत तिला. भरत आलेत. म्हनून म्हनते, अजून येकदा बघा.”

बन्सीधररावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटून माणूस उठतोच असं नाही. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, “बघतो पुन्हा एकदा,” म्हणाले, आणि फुलवाल्याकडं निघाले. टिपण फाईलला लागलं.

रविवारी घर माणसांनी भरून गेलं. पाळणा सजला. बाळाचं नाव शंतनु ठेवलं. बायकांचा घोळका पाळण्याभोवती, आणि त्या घोळक्याच्या मधोमध बन्सीधररावांची आई, अनसूयाबाई. वय झालेलं, ऐकू जरा कमी येतं, म्हणून बोलणं मोठ्यानं. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. बाळाला गुंडाळलेल्या दुपट्याचं टोक त्यांनी शेजारणीच्या हातात दिलं.

“हात लावून बघा. असं कापड बाजारात मिळालं तर माझं नाव बदला. सरकारी कापड आहे हे!”

“सरकारी?” शेजारीण हसली.

“मग! ही मैत्रेयी पोटात होती तेव्हा आमच्या बन्सीनं कचेरीतून नकाशे आणले होते. निजामाच्या काळचे, उर्दूतले. कापडावर काढलेले, खळ घालून असे कडक केलेले, की उभे करा, उभे राहतील. रात्रभर सोड्याच्या गरम पाण्यात घातले. खळ गेली, शाई गेली, आणि आतून काय निघालं बघा. लोणी! दोन गेले टोपड्या-झबल्यात. हे तिसरं. मैत्रेयीला ह्यातच गुंडाळलं होतं, आता तिच्या लेकाला.”

“अगं बाई, म्हणजे शंतनु जन्मला तो जमीनच पांघरून की!” कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खो खो हसल्या.

बन्सीधरराव घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात उभे होते. त्यांना हसू आलं नाही. नकाशे आणले होते, हे ते विसरले होते असंही नाही. घरात इतक्या वेळा ही गोष्ट झाली होती की ती त्यांच्या कानांना ऐकूच येत नसे. आज ऐकू आली. कापडावरचे नकाशे. उर्दूतले. ताट तसंच ओट्यावर ठेवून ते मागं मोरीकडं गेले.

मोरीच्या कोपऱ्यात एक लाकडी दांडा असायचा. अनसूयाबाई त्यानं उकळत्या पाण्यातले कपडे ढवळायच्या. तो नकाशाचाच दांडा. नकाशे गुंडाळायला असायचे तसला. तीन नकाशे आले होते, टोपड्या-झबल्यांचे दोन दांडे केव्हाच मोडले, दुपट्याचा हा एकच घरात उरला होता. साबणानं आणि पाण्यानं काळा पडलेला. दांड्याच्या टोकाला गावाचं नाव रंगानं लिहायची पद्धत होती, आणि ते नाव मराठीत असायचं, कारण दांडे पुढच्या कारकुनांनी रंगवलेले. बन्सीधररावांनी नखानं खरवडलं, मग पायरीवर बसून नाण्यानं खरवडलं. देवा, दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव निघू दे, असं ते मनातल्या मनात म्हणत होते. तालुक्यात गावं काय थोडी होती? आधी ‘वाडी’ निघालं. मग ‘उंबर’.

घरात पाळणा म्हणायला सुरुवात झाली होती आणि हे मोरीत दांडा मांडीवर घेऊन बसलेले.

त्या वेळी काय झालं होतं ते त्यांना सगळं आठवलं. कचेरी नव्या इमारतीत जायची होती. हे नवे लागलेले, अंगात उत्साह. तेव्हाचे बडे बाबू म्हणाले, “हे उर्दूतलं गाठोडं कशाला न्यायचं? वाचणारा कोण राहिलाय आता? नवे छापील नकाशे आलेत.” टाकूनच द्यायचं तर घरी नेलेलं काय वाईट, म्हणून यांनी तीन गुंडाळ्या सायकलला बांधल्या. कुणी चोर म्हणालं नाही. उलट बाबू म्हणाले, “अजून ने की.” वाचता येत नाही ते निरुपयोगी, इतका साधा हिशेब. तरुणपणीची चूक म्हणून ती एखाद्यानं पोटात घातलीही असती. बन्सीधररावांना खरं डसत होतं ते दुसरंच. ‘मावशी, मी स्वतः बघितलंय.’ ते तरुणपणी नव्हतं बोललेलं. परवाच बोलले होते, पिकल्या केसांनी.

पाहुणे गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, आणि मोठ्यानं सांगताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“मग आता काय करायचं म्हणतोस?” अनसूयाबाई म्हणाल्या. “धुतलेलं पुन्हा लिहून येतंय का? गप बस. दोन महिने राहिले तुझे. नीट शाल घे आणि घरी ये. ह्या वयात आईला कचेरीत उभी करतोस का?”

आईचं काही चुकलंही नव्हतं. बन्सीधरराव गप बसले. सोमवारी कचेरीत गेले तेव्हा सगळ्यात आधी किल्ली घेऊन रेकॉर्ड रूम उघडली. लाल फडक्यातले बस्ते रांगेनं. नकाशांच्या घोडीवर उंबरवाडीची खाच रिकामी. आजूबाजूच्या गावांचे उर्दूतले नकाशे मात्र जागच्या जागी, धूळ खात, पण धडधाकट. म्हणजे बाबूंनी फेका म्हटलेलं गाठोडंसुद्धा कुणीतरी शेवटी उचलून आणलंच होतं. नकाशांतलं भिजलं काहीच नव्हतं. गेले होते ते फक्त यांनी नेलेले तीन. बन्सीधरराव त्या रिकाम्या खाचेपुढं उभे राहिले आणि कुणी बघत नसतानाही त्यांची मान खाली गेली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी दुपटं अंगणात दोरीवर वाळत होतं. बन्सीधररावांनी ते उन्हासमोर धरलं. उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. एखादी रेघ, एखादं अक्षर, काहीतरी. आईचा हात इतका साफ होता की कापडावर काजळाच्या एका डागाशिवाय काही नव्हतं.

मैत्रेयी बाळाला घेऊन दारात आली. “बाबा, काय बघताय?”

त्यांनी तिलाही सांगितलं. तारेपाशी थांबलेली गाडी, वढ्यातून नेलेली बाज, सगळं. बाळाच्या अंगावर आपला पदर ओढून मैत्रेयीनं दोरीवरचे चिमटे काढले, दुपट्याची घडी घातली आणि बापाच्या हातात दिली. देताना तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. बस मिळेपर्यंत बन्सीधररावांच्या डोक्यात तेवढंच राहिलं होतं.

मॅडमच्या दालनात भगवानराव खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचे पांढरे कपडे, मांडीवर मोबाईल. मनकर्णा भिंतीला लागून उभी. बन्सीधरराव नेहमीसारखे कोपऱ्यातल्या टेबलाशी, पुढ्यात जबाबाचे कागद. मॅडमनी फाईल उघडली.

“बन्सीधरराव, तुमचं टिपण आहे. जुना नकाशा भिजून नष्ट. मग आता नव्या नकाशावरच निकाल द्यावा लागेल. बरोबर?”

निकाल काय लागणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. भगवानरावांनी मोबाईल खिशात टाकला. मनकर्णानं भिंतीला हात टेकला.

बन्सीधरराव उठले. “बरोबर नाही, मॅडम.”

“म्हणजे?”

त्यांनी पिशवीतून दुपटं काढलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. “हा उंबरवाडीचा नकाशा.”

मग भगवानराव मोठ्यानं हसले. “अहो पंत, लेकराची लंगोटी दाखवून रस्ता काढायलाय का आता?”

“हसा,” बन्सीधरराव म्हणाले. “हसण्यासारखंच आहे.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. नवी इमारत, तीन गुंडाळ्या, सायकल, सोड्याचं पाणी. दांडाही पिशवीत आणला होता, तो ठेवला. खरवडलेलं नाव वर करून. चपला बाहेर काढून आत आलेला शिपाई चहाचा ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला, आणि ज्याला आपण जन्मभर अहो-जाहो केलं त्याच्यासमोर हे सगळं चाललंय, हेही बन्सीधररावांना कळत होतं.

“आणि छत?” मॅडमनी विचारलं.

“छत गळलं होतं, मॅडम. पण ह्याच्यावर नाही. मी न बघता लिहिलं. ह्या मावशींना तोंडावर सांगितलं की स्वतः बघितलं. तेही खोटं.”

मॅडमनी कापड उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाल्या, “तुमच्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. ते मी लपवणार नाही. पण ह्या कापडावर आता काही नाही. कोऱ्या कापडावर मी निकाल कसा देऊ? धुण्याआधी तुम्ही हा नकाशा उघडून बघितला होता का? त्यात वाट होती का?”

ओठांवर ‘आठवत नाही’ आलं होतं. कारकुनाच्या ओठांवर ते आधी येतं. खरंही वाटलं असतं. इतक्या वर्षांचं कुणाला आठवतं? मनकर्णा पुढं आली होती. तिनं दुपट्याला हात लावला, दोन बोटांत धरून बघितलं. “लय मऊ झालंय,” ती म्हणाली.

तिची बोटं कापडावरून फिरताना बघून बन्सीधररावांना दुसरी बोटं आठवली. आईची. अंगणातल्या फरशीवर नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांना पाण्यानं भरलेले तांबे ठेवलेले, शेजारी बादलीतून वाफ निघतेय. आई वाकून बघत होती. चित्र म्हणून तिला आवडला होता तो. डाळिंबी रंगाच्या हद्दी, निळा ओढा, उर्दूची वळणं. आणि तिनं एका ठिकाणी बोट ठेवलं होतं.

“होती,” बन्सीधरराव म्हणाले.

“कशावरून?”

“ओढ्याच्या अलीकडून दोन बारीक रेघा होत्या, मॅडम. शेजारी शेजारी. गावठाणापासून निघालेल्या. आईनं बोट ठेवून विचारलं, बन्सी, ही वाट कुठं जाते रे?” शिपायाच्या ट्रेमधले कप वाजले. “मी बादली उचललेली होती. मी म्हणालो, कुठंच जात नाही, आई. घाल पाण्यात.”

भगवानराव आता हसत नव्हते. ते काहीतरी म्हणायला लागले, “अहो पण हे काय पुरावा...” आणि मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं.

मनकर्णा दुपट्याची घडी पुन्हा नीट घालत होती. काजळाचा डाग तिनं आत घेतला. “आमच्या दारात जात व्हती, बाबा,” ती म्हणाली.

तिनं रागानं म्हणायला हवं होतं. शिव्या घालायला हव्या होत्या, हाताला लागेल ते फेकून मारायला हवं होतं. बन्सीधरराव त्याच तयारीनं आले होते. तिचा आवाज तसा नव्हता. परक्या माणसाला आपलं घर कुठं आहे ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

“नकाशा डोळ्यांनी बघितलेला माणूस समोर आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्यांचा जबाब घेऊन मी उद्या स्वतः जागेवर येते. भगवानराव, ऊस किती आत सरकलाय ते ओढ्यापासून मोजू. बन्सीधरराव, जबाब लिहा. तुमचा तुम्हीच लिहा. आणि खाली मनकर्णाबाईंचं वाक्य. जसंच्या तसं.”

बन्सीधरराव टेबलाशी जाऊन बसले. कचेरीत दुसरं कोण लिहिणार? पेनाचं टोपण काढलं आणि आपलं वाक्य लिहिलं. ‘कुठंच जात नाही, आई. घाल पाण्यात.’ अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं, आणि ते देखणं आलेलं त्यांना बघवेना. मग मनकर्णाचं वाक्य लिहायला घेतलं आणि हात अडला. ऐकू आलं नव्हतं असं नाही. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून कागदाकडं बघतच त्यांनी विचारलं, “मावशी, काय म्हणालात?”

मनकर्णाला वाटलं, बाबांना नीट ऐकू आलं नसेल. ती टेबलाजवळ आली, जरा वाकली.

“आमच्या,” ती म्हणाली, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली. “दारात.” पुन्हा थांबली. “जात व्हती.” एकेक शब्द तिनं सावकाश सांगितला, लिहिणाऱ्याची घाई होऊ नये म्हणून.